झाडलोट कर, पण आवाज जाऊ देऊ नकोस

अगं चिमे, एटी-एसपीआयच्या कोडमध्ये काम करणार म्हणालीस, बरं वाटलं. पुढे ‘जुना कोड फार घाण आहे, आधी तोच साफ करते’ म्हणालीस, तेव्हा मात्र पोटात गोळा आला. लिनक्सवर ऑर्का हा स्क्रीन रीडर बटणाचं नाव, खिडकीचा मथळा, टाइप केलेलं अक्षर असं जे जे बोलून दाखवतो, ते बहुतेक सगळं याच लायब्ररीतून त्याच्याकडे जातं. म्हणून एवढं ऐकून घे. एकदा एडिटर उघडलास की कोणाचं ऐकणार नाहीस, ठाऊक आहे मला.

१. कोड उघडण्याआधी ग्नोममध्ये सुपर, आल्ट आणि एस एकदम दाबून ऑर्का सुरू कर, मॉनिटर बंद कर आणि एक मेल लिहून पाठव — झाडणाऱ्याने आधी राहणाऱ्याची वाट चालून बघावी.

२. ‘प्रोग्रॅम कोसळला नाही’ म्हणजे ‘चाललं’ असं समजू नकोस — इथे बिघाड झाला की बहुतेकदा नुसती शांतता होते, आणि शांततेचा एरर मेसेज येत नाही. पडलेलं दिसतं, गप्प झालेलं दिसत नाही.

३. विचित्र ओळ दिसली की आधी गिट ब्लेम बघ, मग डिलीटकडे हात ने — प्रोग्रॅमांचं हे आपसातलं बोलणं सन मायक्रोसिस्टिम्सच्या काळात कॉर्बावर उभं होतं, ग्नोम ३ च्या सुमारास डी-बसवर आलं, त्यामुळे काही ओळी त्या स्थलांतराच्या खुणा आहेत आणि काही कुणाच्या तरी बगवरचा इलाज. वरून दोन्ही सारख्याच वेड्या दिसतात.

४. रोलच्या (म्हणजे बटण, चेकबॉक्स अशा प्रकारांच्या) यादीत नवा रोल घालायचा तर शेवटी घाल, वर्णानुक्रम लावायचा मोह आवर — डी-बसवरून रोलचा आकडा जातो, नाव नाही. मध्ये एक घुसवलास की आधी कंपाइल झालेल्या प्रोग्रॅमांत चेकबॉक्सला ऑर्का भलतंच काही म्हणेल आणि कंपायलर चकार शब्द काढणार नाही. आकडा हलला की अर्थ पळाला.

५. आतलं हवं तेवढं हलव, बाहेरचं नाव तेच ठेव — २०२२ मध्ये एटीके आणि एटी-एसपीआय२-एटीके या दोन लायब्रऱ्या याच रिपॉझिटरीत आणल्या, तरी लिबएटीके त्याच नावाने मिळत राहिली, कारण जीटीके ३ वरचे प्रोग्रॅम तिला त्याच नावाने शोधतात.

६. दुसऱ्या प्रोग्रॅमला प्रश्न विचारून उत्तराची वाट बघतेस ना, त्या ओळीवर जरा जास्त रेंगाळ. समोरचा अडकला तर ऑर्काही त्याच्याबरोबर गप्प, म्हणून प्रत्येक कॉलला वेळमर्यादा आहे, मुळात ८०० मिलिसेकंद. ‘टेस्ट पास होत नाही’ म्हणून ती वाढवायची नाही. शिवाय वाट बघताना इतर संदेश येतच असतात, आणि कोणी टॅब बंद केला तर तुझ्या हातातला ऑब्जेक्ट तेवढ्यात नाहीसा होतो — म्हणून कॉलच्या आधी रेफरन्स घ्यायचा, काम झालं की सोडायचा. या जातीचे बग तुझ्या वेगवान लॅपटॉपवर दिसत नाहीत, दुसऱ्याच्या जुन्या मशीनवर दिसतात.

७. आधी टेस्ट, मग हट्ट. आज कोड जसा वागतो, चुकीचा वागत असला तरी, तसं टेस्टमध्ये लिही आणि ॲड्रेस सॅनिटायझर लावून चालव — म्हणजे बदललं काय आणि आधीपासूनच बिघडलेलं काय, हे वेगळं कळतं.

८. जीटीके ३, जीटीके ४, क्यूटी, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस, सगळीकडे फिरून ये — जीटीके ४ आणि क्यूटी एटीकेला मध्ये न घेता थेट डी-बसवर बोलतात, त्यामुळे एका ठिकाणी जे चालतं ते दुसरीकडे चालेलच असं नाही.

९. टेक्स्टचा कोड तपासताना ‘हॅलो वर्ल्ड’ नको, आपलं मराठी घाल. डोळ्याला एकच दिसणारं ‘क्षि’ घे: युनिकोडमध्ये ते चार कॅरेक्टर आहे आणि यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट — लायब्ररीतल्या जागा कॅरेक्टरमध्ये मोजतात, आणि इंग्रजीत बाइट आणि कॅरेक्टरचा आकडा एकच येत असल्यामुळे ही गफलत वर्षानुवर्षं लपून बसते.

१०. इंडेंटेशन एका कमिटमध्ये, फाइल हलवणं दुसऱ्यात, वागणं बदलणं तिसऱ्यात — कोणी म्हणालं ‘मागच्या महिन्यापर्यंत बोलत होता’, तर बायसेक्ट करून नेमकी जागा सापडते.

११. मोठी उलथापालथ मार्च किंवा सप्टेंबरचं ग्नोम रिलीज झाल्या झाल्या कर, तोंडावर नको — पुढचे काही महिने लोक वापरून सांगतात.

१२. बग कळवणाऱ्याकडे स्क्रीनशॉट मागू नकोस गं बाई. कोणता प्रोग्रॅम, काय दाबलं, ऑर्का काय बोलला आणि काय बोलायला हवा होता, एवढं विचार. डीबग लॉग मागितलास तर तो उघड्यावर न टाकता खासगीत पाठवायला सांग — ऑर्काने वाचलेलं बरंच काही त्यात उतरलेलं असतं, कुणाचं पत्रही.

१३. आणि ‘सगळं रस्टमध्ये नव्याने लिहू’ हे तुझ्या डोक्यात फिरतंय, ते मला दिसतंय. लिही की! पण वेगळ्या रिपॉझिटरीत, डी-बसवरून बोलणारं — इंटरफेसचं वर्णन एक्सएमएलमध्ये तयार आहे, सीच्या एकाही ओळीला हात न लावता सुरुवात होते. तोवर रोलच्या यादीचा कुठलाही पॅच मला दाखवल्याशिवाय पाठवू नकोस.