मोटारसायकलच्या चाकातील हवा

मोटारसायकल जमिनीला किती जागेत टेकलेली असते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे काय? चाक एवढे मोठे दिसते. पण त्याचा फार थोडा भाग रस्त्याला लागलेला असतो. तो किती, हे आपल्याला गणिताने काढता येईल.

समजा, स्वार बसल्यावर मागच्या चाकावर १२० किलोग्रॅम भार पडतो. टायरमध्ये २८ पौंड हवा आहे. गॅरेजवाले ज्याला '२८ पौंड' म्हणतात तो दर चौरस इंचावरचा दाब होय. दशमान पद्धतीत तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलोग्रॅम होतो. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. म्हणून १२० ला २ ने भागले की ६० चौरस सेंटिमीटर मिळतात. पत्त्यांच्या जोडातील एका पानाएवढीच ही जागा! पुढच्या चाकाची त्याहूनही कमी. वळताना, ब्रेक लावताना, भिजलेल्या रस्त्यावरून जाताना स्वाराची सारी भिस्त या दोन पानांवर असते.

गिअरची मोटारसायकल चालवण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. पण हा प्रयोग आज सायकलवर करता येईल. टायरच्या तळाला ओल्या खडूचा लेप द्या, चाक अलगद आलेखाच्या कागदावर टेकवा. एकाने सायकल धरावी, दुसऱ्याने बसून उतरावे. चाक उचलून ठशातील चौकोन मोजा. मग थोडी हवा सोडून पुन्हा ठसा घ्या. तो मोठा आलेला दिसेल. (टायरच्या कडाही थोडा भार पेलतात, त्यामुळे उत्तर गणिताशी तंतोतंत जुळणार नाही.)

येथे कोणी हुशार विद्यार्थी विचारील, 'ठसा मोठा तर पकड चांगली. मग हवा कमी असलेलीच बरी, नाही का?' तसे नाही. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात दबतात आणि पुन्हा सरळ होतात. या सततच्या वाकण्याने रबर तापते, आतले थर सुटू लागतात आणि वेगात असताना टायर फुटूही शकतो. शिवाय वळणावर गाडी डुलते. उलट हवा फार भरली तर ठसा लहान होतो, गाडी खड्ड्यांतून उसळते आणि टायर मधोमध झिजतो. योग्य आकडा गाडीच्या माहितीपुस्तकात असतो. एकट्यासाठी वेगळा, मागे कोणी बसणार असेल तर वेगळा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा मात्र कमाल दाबाचा असतो. तेवढी हवा भरायची नसते.

हवा केव्हा मोजावी? मी स्वतः येथे फसलो आहे. लांबचा प्रवास करून आल्यावर पंपावर बरोबर २८ पौंड हवा भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जड वाटू लागली. मोजले तर २४ पौंड! पंक्चर कोठेच नव्हते. कारण तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे. आकारमान कायम असता वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. सकाळी टायर २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्व्हिन होता असे धरू. धावून तो ५७ अंश, म्हणजे ३३० केल्व्हिन झाला. मापकाच्या २८ पौंडांत वातावरणाचे सुमारे १५ मिळवले की ४३ होतात. त्याची दहा टक्के वाढ धरून ४७ आणि त्यातून १५ वजा जाता ३२. म्हणजे तापलेल्या टायरमध्ये ३२ पौंड दिसायला हवे होते. मी २८ वर थांबलो. म्हणून हवा सकाळी, गाडी काढण्यापूर्वी मोजावी आणि तापलेल्या टायरमधून 'जास्त झाली' म्हणून कधीही सोडू नये.

आता वाटेतल्या पंक्चरविषयी. पुढचे चाक बसले तर हँडल जड होते. मागचे बसले तर गाडीचा मागचा भाग इकडेतिकडे हलू लागतो. अशा वेळी करकचून ब्रेक दाबणे घातक असते. हँडल घट्ट आणि सरळ धरावे, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडावा, ब्रेक लावावाच लागला तर चांगल्या चाकाचा हलकेच लावावा आणि रस्त्याच्या पार कडेला जाऊन थांबावे.

ट्यूब असलेल्या टायरची हवा झपाट्याने जाते आणि दुरुस्तीला चाक काढावे लागते. नवख्याने मदत बोलवावी हे उत्तम. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर तो लगेच उपटू नये. तोच भोकाला बुचासारखा बसलेला असतो आणि हवा सावकाश जाते. जवळ रबरी वाती, त्या बसवायची हत्यारे, हातपंप आणि दाबमापक असतील तरच खिळा काढून भोक बुजवावे. मात्र भोक टायरच्या बाजूवर असेल तर वातीवर विसंबू नये. हवा भरल्यावर त्या जागी आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे येत नसतील तरच गाडी हलवावी, आणि तीही हळू, पहिल्या दुकानापर्यंत.