लाँग आयलंड आइस टी घरी करताना

लाँग आयलंड आइस टीमध्ये चहाचा थेंबही नसतो. व्होडका, जिन, पांढरी रम, टकीला आणि संत्र्याच्या सालीच्या स्वादाचे ट्रिपल सेक अशी पाच मद्ये, लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि वरून कोला, एवढाच सगळा ऐवज. रंग मात्र थेट कोऱ्या चहाचा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील ओक बीच इनमध्ये १९७२ साली आपणच ते प्रथम केले, असा रॉबर्ट बट या बारटेंडरचा दावा आहे. अमेरिकेतलेच किंग्जपोर्ट हे गाव दारूबंदीच्या काळाचा दाखला देऊन हा मान स्वतःकडे घेते.

आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीत प्रत्येक मद्य १५ मिली, लिंबूरस ३० मिली आणि पाक २० मिली असतो. पाच मद्यांची बेरीज ७५ मिली, म्हणजे एकाच पेल्यात अडीच छोटे पेग आणि सुमारे २४ ग्रॅम अल्कोहोल. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलचाच निकाल लावू शकते. नीट मापाने केलेला एक पेलाही अडीच-तीन तासांचे काम असतो.

घरी घोटाळा होतो तो मापात. पेग भरायची सवय झालेला हात थर्टीच्या अलीकडे थांबत नाही. पाच बाटल्यांतून अंदाजपंचे ओतले की १५० मिली सहज होतात. क्वार्टरला जेमतेम तीस मिली कमी. तेवढ्याने चवीत फारसा फरकही पडत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. आंबट, गोड आणि थंड यांच्या आड घशाची जळजळ दडते. नीट पेग पिणाऱ्याला जो इशारा घसा देतो, तो इथे मिळत नाही, आणि पेला सरबतासारखा रिकामा होतो. अल्कोहोलचा रक्तातला कळस यायला अर्धा ते दीड तास लागतो. तोवर दुसरा पेला संपलेला असतो. ‘वेगवेगळी दारू मिसळली म्हणून चढली’ हे नंतरचे स्पष्टीकरण सोयीचे असले तरी खरे नाही. चढते ती एकूण मात्रा.

पेग मेजर नसेल तर ५ मिलीचा औषधाचा चमचा चालतो. तीन चमचे म्हणजे १५ मिली. पाचही मद्ये, लिंबूरस आणि पाक भरपूर बर्फासह हलवून मोठ्या बर्फाच्या पेल्यात गाळावेत. कोला शेकरमध्ये कधीही घालू नये, वायूच्या दाबाने झाकण उडते. एका कागदी लिंबात रस जेमतेम १५-२० मिली निघतो, त्यामुळे पेल्यामागे दोन लिंबे धरावीत. टकीला महाग पडते म्हणून वगळली तर तिची जागा रमने भरून काढण्याचे कारण नाही; चार मद्यांचे पेय चवीला चांगलेच लागते.

मंडळी जास्त असली की जग भरून ठेवण्याचा मोह होतो, तो टाळलेला बरा. जगातून कोणी किती घेतले याचा हिशेब यजमानाकडे नसतो आणि घेणाऱ्याकडे तर नसतोच. मद्यांचे मिश्रण आधी करून बाटलीत ठेवावे आणि प्रत्येक पेल्यात ७५ मिली मोजूनच घालावे. जेवण किंवा पोटभरीचा चखणा आधी, पेला नंतर. झोपेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये. महाराष्ट्रात अशा कडक मद्यासाठी किमान वय २५ आहे, हेही पाहुण्यांची यादी करताना लक्षात ठेवावे.

कोणी हलवूनही जागे होत नसेल, श्वास मंद किंवा तुटक असेल, अंग गार वा निळसर पडले असेल, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणत बसू नये. त्याला कुशीवर वळवून, एकटे न सोडता १०८ ला फोन करावा. कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी अल्कोहोल उतरत नाही. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालणे तर घातक ठरते.

गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. रात्री एकपर्यंत मापाचे तीन पेले घेतलेल्या माणसाच्या रक्तात सकाळी सातलाही अल्कोहोल उरलेले असू शकते, डोके कितीही स्वच्छ वाटत असले तरी.