दीड मिनिटाचे उड्डाण

अंतर, वेग आणि वेळ यांचा हिशेब बैलगाडी, सायकल आणि एस.टी. यांवर आपण करतोच. आज विमान घेऊ या. भिऊ नका, हिशेब तोच आहे. पाटी जवळ असू द्या.

इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड देश आहे. त्याच्याही पलीकडे समुद्रात ऑर्कनी नावाची बेटे आहेत. त्यांतली दोन म्हणजे वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे. पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्या आतबाहेर. आपली एखादी वाडीसुद्धा याहून मोठी असते! तरी दोन्ही बेटांवर विमान उतरायला जागा केलेली आहे. १९६७ सालापासून तिथे विमानाची ये-जा आहे. वेळापत्रक लावून होणारे जगातले सर्वांत छोटे उड्डाण ते हेच.

दोन्ही विमानतळांमधले अंतर आहे २.७ किलोमीटर. कोसभरसुद्धा नाही. मध्ये जमीन असती, तर आपण अर्ध्या तासात चालत गेलो असतो. पण मध्ये समुद्र आहे, आणि थंडीच्या दिवसांत तो फार खवळतो.

विमान लहान असते. दोन पंख्यांचे, आठ-नऊ उतारूंचे. एखादा उतारू तर चालकाच्या शेजारीच बसतो, जीपमध्ये बसावा तसा. मोकळ्या आकाशात ते ताशी २४० किलोमीटर जाते असे धरू. तासाची मिनिटे ६०. म्हणजे मिनिटाला ४ किलोमीटर. मग २.७ किलोमीटरला किती वेळ? भागाकार करून पाहा. सुमारे ४० सेकंद येतील. पाऊण मिनिटसुद्धा नाही.

पण वेळापत्रकात २ मिनिटे लिहिलेली असतात. प्रत्यक्षात साधारण दीड मिनिट लागते. मग आपला हिशेब चुकला का? नाही. आपण पूर्ण वेग पहिल्यापासूनच धरला. एस.टी. थांब्यावरून सुटते तेव्हा एकदम पळते का? विमानही आधी जमिनीवर धावते, मग वर चढते, आणि चढते न चढते तोच त्याला उतरायची तयारी करावी लागते. शिवाय विमान वाऱ्याला तोंड देऊन उडते आणि उतरते. वारा उलटा असेल तर वळसा पडतो, आणि वळशाने अंतर वाढते. सगळे जुळून आले तेव्हा एका चालकाने ५३ सेकंदांत हे अंतर कापले. तोच विक्रम. त्यालाही ४० सेकंद साधले नाहीत!

काही जण म्हणतील, एवढ्याशा वाटेला विमान कशाला? ही श्रीमंतांची हौस आहे. आम्हाला तसे वाटत नाही. फिरते शिक्षक, वैद्य, दवाखान्यात निघालेला आजारी माणूस, असेच लोक त्यात बसतात. दाट धुके पडले तर मात्र विमान उडत नाही. मग होडीची वाट पाहायची, आणि समुद्र खवळला असेल तर तीही नाही.

आता पाटीवर लिहा. तुमच्या गावापासून दवाखाना किती किलोमीटर आहे? एस.टी. ताशी ३० किलोमीटर जाते असे धरून वेळ काढा. मग गाडीची वाट पाहण्यात जाणारा वेळ त्याखाली लिहा, आणि दोन्हींची बेरीज करा.