पुढच्या कादंबरीआधी

चि. निखिल यास,


तिसरी कादंबरी पोचली, वाचून झाली. चौथी निम्मी लिहून झाली, असं फोनवर म्हणालास. तुझ्या हाताला वेग आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. वाचनालयातून त्यांचं पुस्तक नेणारा दुसऱ्या दिवशी बदलायला हजर! त्यांचा नायक झुंजार येणार, गुन्हेगार सापडणार, हा वाचकाला दिलेला शब्द त्यांनी पाळला. त्यांना नाकं मुरडणाऱ्या कितीजणांनी आपला शब्द पाळला, देव जाणे.

तुझा शब्द निराळा आहे. तू माणसाच्या आतलं सांगायला निघालायस. मग तिन्ही पुस्तकांत बाप रागावला की खिडकीशी जाऊन पाठमोरा का उभा राहतो? पहिला गिरणी कामगार, दुसरा तलाठी, तिसरा निवृत्त मास्तर. तलाठ्याचा राग आणि मास्तरांचा राग एकच कसा असेल रे? पहिल्यांदा मी त्या खिडकीशी थबकले. तिसऱ्यांदा सरळ चार पानं उलटली. त्या चार पानांत काही चांगलं असेलही, पण ते माझ्यापुरतं गेलंच.

आणि चांगलं तुला लिहिता येतं. तलाठ्याची बायको पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यांत सुया-बटणं ठेवते आणि दारात कोणी आलं की आधी ती खोकी आत सरकवते. लाच हा शब्द न काढता सगळं घर दाखवलंस. ते वाक्य मी पुन्हा मागे जाऊन वाचलं. असं वाक्य पहिल्या खर्ड्यात आलं असेल, तर नशीबवान आहेस; पण रोज येईल या भरवशावर राहू नकोस.

उद्धव शेळक्यांनी भरपूर लिहिलं. आमच्या वाचनालयात मात्र वाचून वाचून शिवण उसवते ती १९६०च्या 'धग'चीच. त्यातल्या कौतिकचा संसार वाचकाला सोडत नाही. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ची, आणि कादंबरी म्हणून तेवढी एकच. ती वाचून लोक दुसरी मागतात. नाही म्हटलं, की काहीजण तीच पुन्हा नावावर घालून नेतात.

चौथीचं बाड प्रकाशकाकडे देण्याआधी महिनाभर कपाटात टाक. मग मोठ्यानं वाच, एकट्यानं. जिथे तुलाच कंटाळा येईल तिथे पेन्सिलीची खूण कर आणि ते बाड खुणांसकट मला पाठव. दिवाळीची तारीख चुकली तर चुकू दे. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या