लहरींच्या वेळेची वाटणी

मोबाइल मनोऱ्याची लहर एक, मागणारे अनेक. मनोऱ्यालगतच्या ग्राहकास सेकंदाला २० लाख बिट पोहोचतात आणि डोंगराआडच्यास २ लाख, असे समजू. दोघांना समान माहिती द्यावयाची तर ११ सेकंदांपैकी १० दुबळ्या संकेतावर खर्ची पडतात. सबळालाच वेळ दिला, तर दुसरा उपाशी! सन २००० च्या सुमारास क्वालकॉमच्या अभियंत्यांनी यावर तोड काढली. त्यांच्या प्रणालीत सेकंदाचे ६०० भाग पाडले जात. ग्राहकाला या क्षणी शक्य असलेला वेग त्याला अलीकडे मिळालेल्या सरासरी वेगाने भागावयाचा आणि ज्याचे उत्तर मोठे, त्याला तो भाग द्यावयाचा. वंचिताची सरासरी घटत जाते, म्हणून त्याची पाळी टळत नाही. तथापि वेळ मिळाला तरी दुबळ्या संकेतावर माहिती थोडीच जाते. तेथे मनोराच जवळ उभारावा लागतो.