दातातले सिमेंट का निघते?

"डॉक्टर, दिवाळीत दात भरला आणि होळीच्या आत सिमेंट निघून हातात आले. माल हलका असणार!" उमेळ्याहून आलेल्या एका गृहस्थांनी कागदाच्या पुडीतला पांढरा तुकडा माझ्यापुढे ठेवला. दात मीच भरला होता, आणि माल हलका नव्हता. मग चूक कुठे झाली?

पूर्वी दातात चांदी भरत. चांदी स्वतःहून दाताला चिकटत नाही. तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद असा खड्डा कोरून ती अडकवून बसवावी लागते. त्यासाठी थोडा चांगला दातही कापावा लागतो. शिवाय चांदीत पारा असतो, म्हणून २०१३ च्या मिनामाता करारात तिचा वापर कमी करत जाण्याचे ठरले. आता सर्रास भरतात ते पांढरे सिमेंट, म्हणजे कॉम्पोझिट. ते चिकटवावे लागते, त्यामुळे त्याचे आयुष्य चिकटवण्याच्या त्या दोन-चार मिनिटांवर बरेच अवलंबून असते.

ही युक्ती १९५५ साली अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी दाखवली. दाताच्या वरच्या कठीण थराला इनॅमल म्हणतात. त्यावर फॉस्फोरिक आम्ल थोडा वेळ लावून धुतले की डोळ्यांना न दिसणारे खाचखळगे पडतात. पातळ रेझिन त्यांत शिरते आणि घट्ट पकड घेते. सायकलचा पंक्चरवाला आठवा. तो ट्यूब कानशीने घासतो, सोल्युशन लावतो, ते सुकेपर्यंत थांबतो आणि मगच ठिगळ दाबतो. घाई केली तर ठिगळ सुटते.

इनॅमलच्या आतल्या डेंटिनचे काम मात्र नाजूक असते. इनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते, तर डेंटिनमध्ये सुमारे ७० टक्के. बाकीचे मुख्यतः कोलॅजेनचे तंतू आणि पाणी. आम्लाने खनिज विरघळले की तंतूंची जाळी उघडी पडते. तीत रेझिन मुरून जो मिश्र थर तयार होतो, त्याचे वर्णन जपानच्या नाकाबायाशी यांनी १९८२ साली केले. हा थर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ असतो, पण सगळा भार त्याच्यावर.

आम्ल धुतल्यावर डेंटिनवर जोराने हवा मारून ते ठणठणीत कोरडे केले, तर तंतूंची जाळी चेपून बसते आणि रेझिन आत जात नाही. पाणी तुंबू दिले तरी पकड कच्ची राहते. गवंडी गिलाव्याआधी भिंतीवर पाणी मारतो, तसेच हे आहे : भिंत ओलसर हवी, निथळती नको. आम्लही इनॅमलवर १५ ते ३० सेकंद चालते, पण डेंटिनवर १५ सेकंदांपेक्षा जास्त नको. जास्त वेळ ठेवल्यास जाळी इतकी खोल उघडते की रेझिन तळापर्यंत पोहोचत नाही.

त्यानंतर बाँडिंगचे औषध लावतात. ते नुसते फासून भागत नाही. बारीक ब्रशने साधारण १५ ते २० सेकंद चोळत जिरवावे लागते. त्यात ॲसिटोन, अल्कोहोल किंवा पाणी असते. हवेच्या हलक्या झोताने ते उडवून लावायचे आणि मग निळ्या लाईटने थर पक्का करायचा. लाईट लांब धरला किंवा लवकर काढला, तर थर अर्धवट कच्चा राहतो. आता वेगळे आम्ल न लागणारी औषधेही मिळतात. त्यांची रीत निराळी असते, म्हणून प्रत्येक बाटलीबरोबरची सूचना पाळलीच पाहिजे.

या सगळ्या वेळात दातावर थुंकी किंवा रक्त लागले, तर केलेली मेहनत वाया जाते. नाकातोंडातून येणारी वाफही बाधते. म्हणून दाताभोवती रबराचा पडदा लावतात, निदान कापसाच्या गुंडाळ्या तरी ठेवतात.

रुग्णाने काय करावे?

१) दात भरायला सवडीने यावे.
२) हिरड्या सुजून रक्त येत असेल, तर आधी दात साफ करून घ्यावेत.
३) काम चालू असताना बोलू नये, तोंड मिटू नये. काही सांगायचे असल्यास हात वर करावा.
४) बधिरता उतरेपर्यंत चावून खाऊ नये, गाल-जीभ चावली जाते.
५) थोडे शिवशिवणे काही दिवसांत थांबते. चावताना दुखत राहिल्यास किंवा सिमेंट उंच लागल्यास लगेच दाखवावे.
६) सिमेंट निघाले तर दुखण्याची वाट पाहू नये. उघड्या खड्ड्यात कीड पुन्हा वाढते. वेळीच भरल्यास जे थोडक्यात आटोपते, ते लांबवले तर मुळाच्या उपचारापर्यंत जाते.

आता त्या गृहस्थांची गोष्ट. जुना कागद काढून पाहिला तेव्हा आठवले. त्या दिवशी त्यांना नायगावहून लोकल पकडायची होती. "लवकर आटपा, गाडी चुकेल," असे ते दोनदा म्हणाले, आणि मीही आटपले. त्यांनी घाई केली हे खरे, पण थांबायला सांगणे हे माझे काम होते. या खेपेस रविवारी बोलावले, रबराचा पडदा लावला आणि घड्याळ समोर ठेवून दात भरला. पैसे घेतले नाहीत.