पांजरपोळाची पारख : तपासणारा कोण असावा?

इ. स. २०१६ च्या पावसाळ्यात जयपूर महानगरपालिकेच्या हिंगोनिया गोशाळेत अवघ्या दोन आठवड्यांच्या अवधीत शेकडो गायी दगावल्या. कंत्राटी कामगारांचे वेतन थकले होते, म्हणून त्यांनी काम थांबविले. शेण उचलावयास कोणी उरले नाही. त्यात पावसाची भर पडून गोठ्यांत चिखल साचला आणि अशक्त जनावरे त्यात रुतून, चाऱ्यापाण्यावाचून मेली. आजारी जनावरास कोणते औषध द्यावे हे उत्तम जाणणारा पशुवैद्यक तेथे उभा असता, तरी त्या चिखलावर त्याच्या पेटीत औषध नव्हते. या गोशाळेची पाहणी करण्यास आदल्या महिन्यात एखादे पथक गेले असते, तर येऊ घातलेले संकट त्यास दिसले असते काय? दिसावयाचे, तर त्या पथकात वेतनपत्रक वाचणारा एक व जमिनीचा उतार पाहणारा एक, असे दोघे तरी असावयास हवे होते.

निराश्रित जनावरांच्या संस्थांची तपासणी म्हटली, की ते पशुवैद्यकाचे काम असे आपल्याकडे सहज गृहीत धरले जाते. ते अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्याचा विचार आता महाराष्ट्रात निकडीचा झाला आहे. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने गोशाळांतील देशी गायींच्या संगोपनासाठी प्रतिगाय प्रतिदिन ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय घेतला आणि प्रत्येक जिल्ह्यात गोशाळा पडताळणी समिती असावी असे ठरले. शंभर गायींच्या गोशाळेस याप्रमाणे वर्षाला १८ लाख २५ हजार रुपये होतात. एवढ्या रकमेची शिफारस ज्यांच्या स्वाक्षरीने व्हावयाची, त्यांनी काय पाहावे व ते पाहण्याची दृष्टी त्यांना कोठून यावी, हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. गोठ्यातील मुक्या जिवांचे सुखदुःख त्या स्वाक्षरीवर अवलंबून असते.

आपल्याकडील या संस्था जुन्या आहेत. मुंबईचा पांजरपोळ १८३४ मधील. रस्त्यावरील कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध १८३२ साली शहरात दंगा झाला, त्यानंतर शेठ मोतीचंद अमीचंद व सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय त्यानंतर अर्ध्या शतकाने, १८८६ साली निघाले. म्हणजे पदवीधर पशुवैद्यक उपलब्ध होण्याच्या कितीतरी आधीपासून पांजरपोळ चालत होते. त्यांची देखरेख पेढीवरील मुनीम, धर्मादाय पंच आणि हाडाचे गुराखी करीत. त्यांना रोगाचे शास्त्र ठाऊक नव्हते. पण वैरणीची गंजी किती दिवस पुरेल हे ते नजरेने सांगत. ही नजर पुढे तपासणीतून हळूहळू बाद झाली, हे नुकसानच म्हणावे लागेल.

कायद्याने पशुवैद्यकास मध्यवर्ती स्थान दिले आहे, ते योग्यच आहे. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ३५ नुसार उपचारगृहात पाठविलेले जनावर, दंडाधिकाऱ्यांचा अन्य आदेश नसल्यास, त्या क्षेत्राच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राशिवाय सोडता येत नाही. जिल्हा प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायट्यांसंबंधी २००१ साली झालेल्या नियमांत प्रत्येक उपचारगृहास व निवाऱ्यास पूर्णवेळ पशुवैद्यक असावा असे सांगितले आहे. त्याच वर्षीच्या श्वान प्रजनन नियंत्रण नियमांतील स्थानिक समितीची रचना मात्र अधिक बोलकी होती. आयुक्त किंवा स्थानिक संस्थेचा प्रमुख अध्यक्ष. त्याच्यासह सार्वजनिक आरोग्य विभागाचा प्रतिनिधी, पशुवैद्यक, जिल्हा सोसायटीचा प्रतिनिधी व प्राणिकल्याण संस्थांचे किमान दोन प्रतिनिधी. २०२३ मध्ये या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली, तरी एका विद्येने हे काम भागत नाही ही कबुली त्या जुन्या रचनेतच होती.

पशुवैद्यकाच्या शिक्षणाकडे पाहिले म्हणजे यामागील कारण उमगते. पदवीचा अभ्यासक्रम, प्रत्यक्ष अनुभवाचे वर्ष धरून, साडेपाच वर्षांचा आहे. शरीररचना, औषधशास्त्र, शस्त्रक्रिया, प्रसूती, पोषण, सारे त्यात येते. परंतु दवाखान्यात त्याच्यासमोर उभे राहते ते एक जनावर व त्याचा एक मालक. निवाऱ्यात मालक नसतो आणि जनावरे तीनशे असतात. तेथे रोगी एकटे जनावर नसून सगळा कळप असतो. नव्या आलेल्या जनावरास किती दिवस वेगळे ठेवले जाते, आजारी गायीचा पाण्याचा हौद निराळा आहे काय, गोठा झाडणारा मनुष्य आधी निरोगी गोठ्यात जातो की आधी आजारी, हे तेथील खरे प्रश्न होत. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ राज्यात पसरली, तेव्हा कळपाकडे या दृष्टीने पाहण्याचे मोल अनेक गावांस कळून आले.

अमेरिकेत या गरजेतून निवारा-वैद्यक ही पशुवैद्यकशास्त्राची निराळी शाखा वाढली. कॉर्नेल विद्यापीठात १९९९ साली तिचा पाठ्यक्रम सुरू झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील महाविद्यालयाने २००१ पासून पदव्युत्तर प्रशिक्षण दिले. आणि निवारा-पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१० मध्ये निवाऱ्यांसाठी मानके प्रसिद्ध करून २०२२ मध्ये ती सुधारली. या शाखेचा एक हिशेब ग्रामपंचायतीच्या सदस्यासही उपयोगी पडेल इतका साधा आहे. रोज येणाऱ्या जनावरांच्या संख्येस त्यांच्या सरासरी मुक्कामाच्या दिवसांनी गुणले, की निवाऱ्यात एका वेळी किती जनावरे राहणार ते कळते. समजा, एखाद्या श्वान केंद्रात रोज चार कुत्री येतात व सरासरी पंधरा दिवस राहतात. तर साठ पिंजरे पुरतील. मुक्काम पंचवीस दिवसांवर गेला, की शंभर लागतील. आवक एकानेही वाढलेली नसते, तरी केंद्र भरून वाहू लागते. इमारत लहान पडते अशी तक्रार जेथे ऐकू येते, तेथे पुष्कळदा मुक्काम लांबलेला असतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने या गुणाकारास नवे वळण मिळाले. शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील मोकाट कुत्री हलवून, निर्बीजीकरण व लसीकरणानंतर निवाऱ्यात ठेवावीत, पूर्वीच्या जागी परत सोडू नयेत, असे त्यात म्हटले होते. निर्बीजीकरणापुरत्या ठेवलेल्या कुत्र्याचा मुक्काम काही दिवसांचा असतो. परत न सोडावयाच्या कुत्र्याचा मुक्काम म्हणजे त्याचे उरलेले सारे आयुष्य. असा निवारा तपासणाऱ्याजवळ शस्त्रक्रियेच्या ज्ञानाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, प्राण्याच्या वागणुकीची जाण असावी लागते. एका जागी सतत फेऱ्या घालणारे, स्वतःचीच शेपटी चावणारे किंवा माणूस दिसताच कोपऱ्यात दडणारे कुत्रे तापमान घेतल्यास निरोगीच भरेल.

वर्तनाची ही दृष्टी आली ती प्राणिशास्त्रातून. रूथ हॅरिसन यांनी १९६४ साली ब्रिटनमधील बंदिस्त पशुपालनावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्या शास्त्रज्ञ म्हणून ओळखल्या जात नव्हत्या. त्या पुस्तकाने उठलेल्या चर्चेमुळे सरकारने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष रॉजर्स ब्रॅम्बेल हे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि सदस्यांत केंब्रिजचे थॉर्प होते, ज्यांची ख्याती पक्ष्यांच्या गाण्याच्या अभ्यासासाठी. समितीने १९६५ च्या अहवालात सांगितले, की जनावरास निदान उभे राहता, बसता, वळता, अंग चाटता व पाय ताणता आले पाहिजे. त्यातूनच पुढे भूक-तहान, गैरसोय, वेदना व रोग, भय यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक ही पाच सूत्रे तयार झाली. १९७९ पासून ती जगभर वापरात आहेत. आपल्या एखाद्या गोशाळेत दाव्याची लांबी मोजून पाहावी. गायीला मान वळवून स्वतःची पाठ चाटता येत नसेल, तर पक्ष्यांचा अभ्यासक जे पाहू शकला ते आपल्या तपासनीसाच्या नजरेतून सुटले असे होईल.

भारतातही पाया घालणारे हात पशुवैद्यकाचे नव्हते. १९६० च्या अधिनियमासाठी राज्यसभेत आग्रह धरणाऱ्या आणि १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष झालेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल या नृत्यांगना होत्या. देशातील पांजरपोळ व गोशाळा यांच्या उगमाचा व टिकून राहण्याचा शोध घेणारा डेरिक लॉड्रिक यांचा १९८१ मधील ग्रंथ तर भूगोलाच्या अभ्यासकाचा आहे. अर्थात नृत्य वा भूगोल जाणणाऱ्याने गायीचा ताप उतरवावा असा याचा अर्थ नव्हे.

या विविध विद्या एकत्र आल्या म्हणजे पाहणी कशी होते, याचा नमुना क्वीन्सलँड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मिळतो. महाराष्ट्रासह सहा राज्यांतील ५४ गोशाळा त्यांनी पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी ३० गायी कोणतीही निवड न करता घेतल्या. त्यांची अंगकाठी, लंगडेपणा, मागच्या पायांच्या सांध्यांवरील सूज, अंगावरील शेण हे सारे ठराविक श्रेणीत नोंदले. सोबत जागा, जमीन व दप्तर पाहिले. जे दोष ठळकपणे दिसले त्यांत अपुरी जागा, पाय घसरणारी जमीन, चराईचा अभाव आणि नोंदींची हेळसांड यांचा समावेश होता. यांतील एकही दोष इंजेक्शनाने जाणारा नाही. आपल्या नेहमीच्या अहवालांत गोठ्याचे चौरस फूट असतात, पंख्यांची संख्या असते. गाय कशी आहे हे क्वचित असते. कारण पंखा मोजणे सोपे.

जिल्ह्याच्या पातळीवर परदेशी तज्ज्ञ मिळणार नाहीत व त्यांची गरजही नाही. पशुधन विकास अधिकारी समितीत असतातच. बांधकाम विभागाचा कनिष्ठ अभियंता सोबत असेल, तर मुताच्या नालीचा उतार, फरशीचा खरखरीतपणा आणि वारा खेळण्याची दिशा तो घटकाभरात पाहू शकतो. गोठ्यात शिरताच डोळे चुरचुरले तर तेथे हवा कोंडली आहे, हे समजण्यास अभियंताही लागत नाही. कृषी सहायकाने वैरणीचा साठा व जनावरांची संख्या यांची सांगड घालावी. फेब्रुवारीत रचलेला कडबा पावसाळ्यापर्यंत पुरत नसेल, तर उन्हाळ्यात उपासमार ठरलेली. २०१२-१३ व २०१८-१९ च्या दुष्काळांत चारा छावण्या चालविलेल्या तालुक्यांत अशी माणसे अजून आहेत. त्यांचा अनुभव वाया जाऊ देऊ नये. लेखापरीक्षकाचे काम पावत्यांपुरते नसावे. मृत्यूंची नोंदवही, पेंडीची बिले व मजुरांचे वेतन एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, की कोणता महिना वाईट गेला ते तोच आधी सांगेल. आणि गावातील एखादा जुना गुराखी किंवा दूध उत्पादक शेतकरी समितीबरोबर गोठ्यात गेला तर बिघडत नाही. कोणती गाय गव्हाणीपासून हुसकली जाते, हे त्याला उभ्याउभ्या कळते.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावयास हवे. ज्या पशुवैद्यकास त्या संस्थेकडून मानधन मिळते, त्याने तिचे मूल्यमापन करू नये. तसेच संस्थेच्या विश्वस्तांच्या नातलगांनी वा तिला वैरण पुरविणाऱ्यानेही. लहान तालुक्यात हे अवघड जाते, कारण माणसे मोजकीच व एकमेकांच्या ओळखीची. तेथे शेजारच्या तालुक्यातील अधिकाऱ्यास पाचारण करणे हा मार्ग मोकळा असतो.

तपासणीची वेळही तज्ज्ञाइतकीच महत्त्वाची. कळवून, दुपारी, हारतुऱ्यांच्या स्वागतात झालेल्या भेटीत गोठा नेहमीच झाडलेला दिसतो. पहाटे, पहिली वैरण टाकण्याच्या सुमारास गेल्यास रात्री जनावरे कोठे बसली होती, ते त्यांच्या अंगावरील शेणावरून कळते. संस्थेची पहिली भेट हिवाळ्यात झाली असेल, तर दुसरी जुलै-ऑगस्टात, संततधार लागलेली असताना व्हावी. आणि त्या भेटीस कोणी जावयाचे, त्यांची नावे पहिल्याच अहवालाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावीत.